बरगड्या मोडल्यावर पट्टा का बांधत नाहीत, आणि आपण श्वास नेमका घेतो कसा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून वाचता येईल. वडील ६८ वर्षांचे, स्कूटी घसरून डाव्या कुशीवर पडले, एक्सरेमधे डावीकडच्या ७, ८ आणि ९ नंबरच्या बरगड्या मोडलेल्या दिसल्या, दोन दिवस ॲडमिट ठेवलं आणि घरी सोडताना प्लास्टर नाही, पट्टा नाही, फक्त दुखण्याच्या गोळ्या आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन बॉलचं मशीन. गावाकडचे काका म्हणतायत की आमच्या वेळी छाती करकचून बांधायचे आणि माणूस बरा व्हायचा. वडिलांना श्वास घेतला की कळ येते म्हणून ते वरवर श्वास घेतायत. तर पट्टा बांधावा का, छोटा श्वास घेतला तर काय बिघडलं, आणि मुळात श्वास फुफ्फुसं घेतात मग बरगडीचा त्यात एवढा संबंध काय.

पट्टा बांधू नका. हे एक वाक्य आधी लिहून टाकते कारण रात्री कोणीतरी ओढणी नाहीतर उपरणं घेऊन बसेल. बाकी कारणं सविस्तर सांगते. मी २२ वर्षं छातीची फिजिओथेरपी करतेय, वॉर्डात आणि आयसीयूत, आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. काका चुकीचं सांगत नाहीयेत हेही लिहिते, पूर्वी खरोखरच चिकटपट्ट्यांनी छाती आवळून बांधायचे, डॉक्टरच बांधायचे. ते बंद का झालं हे समजायला तुमचा शेवटचा प्रश्न आधी घ्यावा लागतो.

श्वास फुफ्फुसं घेत नाहीत. फुफ्फुसात स्वतःहून फुगेल असा एकही स्नायू नाही. फुफ्फुस स्पंजासारखं आणि रबरासारखं आहे, मोकळं सोडलं तर ते आक्रसून लहान होतं, बस्स. लोहाराचा भाता पाहिलाय का, त्याच्या दोन फळ्या लांब केल्या की आत पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत शिरते, कोणी हवा आत ढकलत नाही. आपली छाती तशी आहे. आधी छाती मोठी होते, म्हणून फुफ्फुसं ताणली जातात, म्हणून हवा आत येते. बहुतेक लोकांच्या डोक्यात हे उलटं असतं की हवा भरली म्हणून छाती फुगली. एकदा हा क्रम सरळ झाला की बरगडी मोडल्यावर श्वासाचं काय होतं ते पुढचं सगळं सुटत जातं.

आता भात्याच्या फळ्या कुठल्या ते बघू, आणि वाचता वाचता स्वतःच्या छातीवर हात ठेवा, म्हणजे नुसतं पाठांतर होणार नाही. घशाच्या खाली जो खळगा आहे तिथे बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून सरळ खाली सरका, साधारण पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. बारीक माणसांना पटकन लागतो, जाड माणसांना जरा दाबावं लागतं. त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी. आम्ही शिकताना बरगड्या इथूनच मोजायला शिकलो, कारण पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते, ती हाताला नीट लागतच नाही. दुसरीपासून खाली मोजत या. एकूण १२ जोड्या, २४ बरगड्या, बाईला आणि पुरुषाला सारख्याच. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने (मऊ, लवचिक हाडाने) थेट मधल्या हाडाला जोडलेल्या, ८, ९, १० या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन चिकटतात, आणि ११-१२ पुढे कुठेच जोडलेल्या नाहीत, पाठीकडून येऊन कुशीतच संपतात.

मागे मात्र सगळ्या पाठीच्या मणक्यांना जोडलेल्या आहेत, आणि बहुतेक बरगड्यांचा तिथे एक सांधा नसून दोन आहेत, एक मणक्याच्या मुख्य भागाशी आणि एक त्याच्या बाजूला निघालेल्या काट्याशी. दोन ठिकाणी धरून ठेवलेली असल्यामुळे बरगडी वाटेल तशी हलू शकत नाही, दाराच्या बिजागरीसारखी ठरलेल्या आसाभोवतीच फिरते. आणि बरगडी आडवी नाहीये, पाठीकडचं टोक वर आणि पुढचं टोक खाली अशी उतरती आहे. उतरती आहे म्हणूनच तिला वर उचलायला जागा आहे. हे वाक्य माझ्या एका सरांनी वर्गात तीनदा म्हणून घेतलं होतं आणि तेव्हा कंटाळा आला होता, पण आज मला वाटतं की छातीचं निम्मं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. दम्याच्या नाहीतर वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या पेशंटची छाती पिंपासारखी गोल झालेली असते ना, तिथे बरगड्या आधीच वर उचललेल्या अवस्थेत अडकून बसलेल्या असतात, मग आणखी उचलायचं तरी किती. म्हणून ती माणसं एवढी ताकद लावूनही त्यांना दम पुरत नाही.

उचलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या हलतात. मागचं टोक पक्कं, पुढचं टोक वर जातं, आणि त्याबरोबर मधलं हाड वर आणि पुढे येतं, म्हणजे छाती पाठीपासून पुढच्या बाजूला वाढते. खालच्या बरगड्या, म्हणजे ७ ते १०, या बादलीच्या कडीसारख्या हलतात. बादलीची कडी एका बाजूला पडलेली असते, ती उचलली की वर येता येता बाहेरही येते, तसं. तिथे छाती रुंदीला वाढते. स्वतः करून बघा, दोन्ही तळवे छातीच्या खालच्या भागावर कुशींना असे ठेवा की दोन्ही अंगठे पुढे मधोमध एकमेकांना टेकतील, आता सावकाश मोठा श्वास घ्या. अंगठे एकमेकांपासून लांब जातात. जे अंगठे लांब गेले ती तुमची बादलीची कडी. वडिलांच्या नेमक्या त्याच कडीच्या तीन बरगड्या डावीकडे मोडल्या आहेत. त्यांच्यावर हे करून बघितलंत (अगदी हलक्या हाताने, दाबायचं नाही) तर डावा अंगठा जवळजवळ जागचा हलणारच नाही. मी पेशंटकडे गेले की हेच पहिलं बघते, एक्सरे नंतर.

बरगड्यांच्या मधल्या फटींमधे तीन थर स्नायूंचे आहेत. सगळ्यात बाहेरच्या थराचे धागे तिरपे, खाली आणि पुढे जातात, पँटच्या खिशात हात घालताना बोटं जशी जातात त्या दिशेने. आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते, त्यात एक शीर, एक धमनी आणि एक नस (म्हणजे मज्जातंतू, दुखणं मेंदूला कळवणारी) एकमेकींना चिकटून पाठीकडून पुढे येतात. ही खोबण तुमच्यासाठी महत्त्वाची आहे कारण बरगडी मोडते तेव्हा ती नस तिथेच शेजारी असते, म्हणून दुखणं मोडलेल्या जागेपुरतं राहत नाही, पाठीतून कुशीवरून पोटापर्यंत पट्ट्यासारखं फिरतं. खूपजण घाबरतात की पोटात का दुखतंय. खालच्या बरगड्यांच्या नसा पुढे पोटाच्या भिंतीतच जातात म्हणून. (छातीत नळी घालताना डॉक्टर नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात, वरच्या बरगडीच्या खालून नाही, तेही ह्या खोबणीला वाचवायला.)

पण भात्याची सगळ्यात मोठी फळी बरगडी नाहीच. ती खाली आहे, डायफ्राम, श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधे पसरलेला घुमटासारखा पातळ स्नायू. शांत बसून घेतलेल्या श्वासाचं जवळपास दोन तृतीयांश काम हा एकटा करतो. आकुंचन पावला की घुमट खाली बसतो, नेहमीच्या श्वासात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, आणि पूर्ण खोल श्वासात सात-आठ सेंटीमीटर किंवा जास्तही. तो खाली आला की पोटातले अवयव पुढे सरकतात म्हणून श्वास घेताना पोट बाहेर येतं. तान्ह्या बाळाचं नुसतं पोटच हलताना दिसतं कारण त्याच्या बरगड्या अजून आडव्याच असतात, उतार नसतो, उचलायला काही नाही. उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा उंच असतो कारण खाली लिव्हर आहे. डाव्या घुमटाखाली स्प्लीन म्हणजे प्लीहा आहे, ९, १० आणि ११ नंबरच्या बरगड्यांच्या आड. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

डायफ्रामची नस कमरेतून किंवा छातीतून येत नाही, मानेतून येते, मानेच्या ३, ४, ५ नंबरच्या मुळांपासून, आणि हृदयाच्या शेजारून एवढी लांब खाली येते. गर्भात डायफ्राम मानेजवळच तयार व्हायला लागतो आणि नंतर खाली सरकतो, येताना आपली नस बरोबर घेऊन येतो. म्हणून छातीच्या पातळीवर मणका दुखावलेला माणूस पायाने चालू शकत नाही पण श्वास घेऊ शकतो, आणि मान अगदी वर मोडली तर व्हेंटिलेटर लागतो.

आता फुफ्फुस आणि ही भिंत एकमेकांना धरून कशी राहतात. दोघांमधे दोन पातळ पडदे आहेत, एक फुफ्फुसाला चिकटलेला, एक छातीच्या भिंतीला आतून, आणि मधे अगदी थोडा, दोन-चार चमचे द्रव. दोन काचा ओल्या करून एकमेकांवर ठेवा, सरकवता येतात पण ओढून वेगळ्या होत नाहीत, तसं ते आहे. फुफ्फुस आत आक्रसायला बघतं, छातीची भिंत बाहेर उसळायला बघते, दोघांची ओढाताण कायम चालू, आणि त्यामुळे मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो. श्वास सोडून शांत असताना साधारण ५ सेंटीमीटर पाण्याएवढा कमी, श्वास घेताना ८ च्या आसपास. किती छोटा आकडा आहे बघा, ग्लासमधून स्ट्रॉने पाणी ओढायला याहून जास्त जोर लागतो, आणि तेवढ्यावर जन्मभर काम चालतं. बरगडीचं टोक आत घुसून हा पडदा फाटला आणि मधे हवा शिरली की ओढाताण संपते, फुफ्फुस आक्रसून मुठीएवढं होऊ शकतं. वडिलांना दोन दिवस ॲडमिट ठेवून परत एक्सरे काढला असणार तो हेच बघायला, कारण कधी कधी हे पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं. आणखी एक, भिंतीकडच्या पडद्याला दुखणं कळतं, फुफ्फुसाकडच्या पडद्याला कळत नाही. फुफ्फुसाला स्वतःला दुखत नाही. वडिलांची श्वासाबरोबर येणारी सुईसारखी कळ ही हाडाची आणि बाहेरच्या पडद्याची आहे, "फुफ्फुस फाटतंय" असं त्यांना वाटत असेल तर त्यांना हे नक्की सांगा, भीती कमी झाली की श्वास थोडा मोठा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

श्वास सोडायला शांत असताना काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल सोडले की फुफ्फुसाचं रबर आपोआप मागे येतं. ताकद लागते ती धावताना, फुंकर मारताना, आणि खोकताना.

भिंत हलली की हवा येते, हे किती शब्दशः खरं आहे याचा पुरावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. पोलिओच्या काळात ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडायचे त्यांना लोखंडी पिंपात झोपवायचे, फक्त डोकं बाहेर, आणि पिंपातला दाब पंपाने कमी-जास्त करायचे. फिलिप ड्रिंकर आणि लुईस शॉ यांनी हे यंत्र १९२८ मधे बॉस्टनमधे आणलं. दाब कमी झाला की छातीची भिंत बाहेर ओढली जायची आणि हवा नाकातोंडातून आपोआप आत. नाकात नळी नाही, काही ढकलणं नाही, नुसती भिंत हलवायची. नंतर १९५२ मधे कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली तेव्हा पिंपं पुरेनात, म्हणून ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून घशात छेद देऊन नळी घातली आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबून श्वास दिला, दिवसरात्र, काही महिने. आजचा व्हेंटिलेटर आणि आजचा आयसीयू त्यातूनच आला. आम्ही ज्या खोलीत काम करतो तिचा जन्म असा झालाय, मला ह्या गोष्टीचं आजही भरून येतं.

तर आता वडिलांकडे. हात मोडला की आपण प्लास्टर घालून त्याला सहा आठवडे विश्रांती देतो. बरगडीला विश्रांती देता येत नाही. मिनिटाला १४ श्वास धरले तरी दिवसाला वीस हजार वेळा ती हलणार. आणि चांगली गोष्ट ही की तिला विश्रांतीची गरजही नाही, वरची खालची बरगडी आणि मधले स्नायू हेच तिचं नैसर्गिक प्लास्टर आहे, हलत हलतच ती जुळते. साधारण सहा आठवड्यांत हाड धरतं. (एकाच माणसाच्या लागोपाठ तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर मधला तुकडा सुटतो आणि श्वास घेताना बाहेर यायच्या ऐवजी आत जातो, ते वेगळं आणि गंभीर, त्यात कधी ऑपरेशन करून प्लेटा लावतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं नाहीये.)

म्हणजे मोडलेलं हाड हा इथे मोठा प्रश्न नाही. मोठा प्रश्न आहे छोटा श्वास. आणि हे मी आकड्याने दाखवते कारण नुसतं "मोठा श्वास घ्या" म्हटलं की कोणाला पटत नाही.

नेहमीचा एक श्वास साधारण ५०० मिली. त्यातले १५० मिली नाक, घसा, श्वासनळ्या यांच्यातच राहतात, जिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. उरले ३५० मिली कामाचे. मिनिटाला १२ श्वास, म्हणजे ४२०० मिली कामाची हवा. आता दुखतंय म्हणून वडील अर्धा श्वास घेतात, २५० मिली, आणि शरीर भरपाई म्हणून वेग दुप्पट करतं, २४. वरवर हिशोब सारखाच, ६ लिटर तेव्हाही आणि आताही. पण नळ्यांचे १५० मिली प्रत्येक श्वासात कापले जातातच, उरले १०० मिली, गुणिले २४, म्हणजे फक्त २४०० मिली. मेहनत दुप्पट आणि कामाची हवा जवळजवळ निम्मी. माणूस धापतोय आणि तरी त्याला पुरत नाही ते यामुळे.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या तीस कोटींच्या वर आहेत आणि त्या मिटायला टपलेल्याच असतात. निरोगी माणूस दर काही मिनिटांनी नकळत एक मोठा उसासा टाकतो, त्या उसाशाने मिटलेल्या पिशव्या परत उघडतात. आपल्याला वाटतं उसासा म्हणजे मन भरून आलं, पण फुफ्फुसाला तो जेवणासारखा लागतो. बरगडी मोडलेला माणूस उसासा टाकतच नाही, कळ येते म्हणून अर्ध्यात थांबवतो. मग खालच्या भागातल्या पिशव्या मिटत जातात, तिथे कफ साचतो. आणि कफ काढायला खोकला हवा, खोकल्याची पहिली पायरी म्हणजे मोठा श्वास, मग घसा बंद करून पोट आवळायचं आणि एकदम सोडायचं. मोठा श्वासच नाही तर खोकला नुसता घशातला, खाँ खाँ, कफ जागचा हलत नाही. चार-पाच दिवसांत न्यूमोनिया. साठी-पासष्टीच्या पुढे बरगड्या मोडलेल्यांना जो धोका असतो तो मुख्यतः हा, कारण वयाने कूर्चा कडक झालेल्या असतात, छाती मुळातच कमी फुलते, शिल्लक कमी. त्यात वडिलांनी बरीच वर्षं बिडी ओढली असेल, अगदी सोडली असली तरी, तर आणखी जपायचं.

पट्टा हेच सगळं स्वतःच्या हाताने करतो. बांधल्यावर बरं वाटतं यात शंका नाही, कारण कडी हलायचीच थांबते. आणि एकट्या डाव्या बाजूची थांबत नाही, उजवी चांगली बाजूही बांधली जाते. माझ्या एका पेशंटला, शेतकरी, बैलाने धडक दिलेली, घरच्यांनी मायेने साडी फाडून घट्ट गुंडाळलं होतं, तीन दिवस ते म्हणाले छान वाटतंय, आणि पाचव्या दिवशी ताप आणि ऑक्सिजन ८६ घेऊन आले. घरच्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी काळजी म्हणूनच केलं होतं. ते वाचले, पण अकरा दिवस राहावं लागलं.

तर दुखणं दाबायचं ते श्वास मोठा व्हावा म्हणून. गोळ्या दुखल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे द्या, डॉक्टरांनी जशा लिहिल्यात तशा, आणि रात्रीची चुकवू नका. "गोळ्या जास्त नकोत" म्हणून सहन करणारे बाबा आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना सांगा की ही गोळी श्वासाची आहे. मनाने मेडिकलमधून दुसरी पेनकिलर आणून भर घालू नका, विशेषतः किडनी, बीपी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. गोळ्यांनी भागत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, नसेजवळ सुन्न करणारं इंजेक्शन देता येतं, त्याने खूप फरक पडतो.

तीन बॉलचं मशीन. दहातले सात पेशंट त्यात फुंकतात. ते फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सोडून द्यायचा, मग नळी ओठात घट्ट धरून स्ट्रॉने दाट लस्सी प्यावी तसं सावकाश ओढायचं. त्याच्यावर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं तो वेग आहे, सेकंदाला किती मिली, किती हवा आत गेली ते नाही. म्हणून तिन्ही बॉल एका झटक्यात वर उडवले तर दिसायला भारी पण उपयोग थोडा. एकच बॉल वर जाऊ दे, पण तीन सेकंद वर राहू दे, त्या तीन सेकंदांत मिटलेल्या पिशव्या उघडतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मधे मधे थांबत, सलग केलं तर चक्कर येते. गोळी दिल्यावर साधारण अर्धा-पाऊण तासाने केलं तर जास्त जमतं. नातवंडं असतील तर त्यांना बॉल बघायला बसवा, ती आजोबांना सोडत नाहीत.

खोकताना घडी केलेली उशी डाव्या कुशीवर घट्ट धरायची, हाताने मिठी मारल्यासारखी, खोकला झाला की सोडून द्यायची. हाच तुमचा पट्टा, पण दोन सेकंदांचा. सपाट झोपवू नका, पोटातलं सगळं डायफ्रामला वर ढकलतं, पाठीला उशा लावून अर्धवट बसतं ठेवा, दिवसा खुर्चीत, आणि घरातल्या घरात दर दोन तासांनी चालवा. उठताना सरळ उठून बसायचं नाही, उजव्या कुशीवर वळायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे आणि उजव्या हाताने रेटा देऊन उठायचं. दुखणं पहिले दोन आठवडे सगळ्यात जास्त, मग उतरतं, पण हसताना शिंकताना चमक दोन-तीन महिने येऊ शकते, त्यात काही बिघडलेलं नसतं.

आता ती प्लीहेची गोष्ट. ९ नंबरची डावी बरगडी मोडलीय म्हणून लिहितेय. सोनोग्राफी झाली असेल, ठीक असेल, तरी प्लीहेला लागलेला मार कधी कधी काही दिवसांनी रक्तस्राव करतो. हे रक्त डायफ्रामला खालून चिडवतं, आणि डायफ्रामची नस मानेतून आलेली, खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. खांद्याला काहीही लागलेलं नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला नवीन दुखायला लागलं, बरोबर घाम, चक्कर, पोट फुगणं किंवा चेहरा पांढरा पडणं, तर बाम लावत बसू नका, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. तसंच ताप आला, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताचा पडला, एकदम धाप लागली, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन सतत ९४ च्या खाली राहिला, किंवा ते गुंगीत असंबद्ध बोलायला लागले तर वाट बघू नका.

आणि आज रात्री एक काम करा. ते शांत पडलेले असताना त्यांचे श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून, पोटाकडे बघत, एक वर-खाली म्हणजे एक. मोजताय हे त्यांना कळू देऊ नका, श्वास हा आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही, कोणी बघतंय कळलं की माणूस नकळत तो बदलतो. आम्ही वॉर्डात मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवतो आणि श्वास मोजतो. १२ ते २० आला तर छान. २४ च्या वर गेला तर दुखणं दाबलं जात नाहीये किंवा छातीत काहीतरी सुरू झालंय, सकाळी पहिला फोन डॉक्टरांना, आणि ३० च्या आसपास असेल तर सकाळचीही वाट नको. आकडा वहीत लिहून ठेवा, उद्या परत मोजा.